पालेर्मोची मिठाई, लुचेराची माणसे

इटलीला जाऊन आलो की आपली मंडळी दोनच प्रश्न विचारतात. रोम पाहिले का, आणि तिकडे खायचे काय केले? दुसरा प्रश्न जास्त काळजीने विचारला जातो, कारण त्यामागे डुकराची चरबी आणि दारू या दोन्हींची धास्ती असते. त्याचे सोपे उत्तर असे की मासे, भाजी, डाळ, पाव, फळे यांवर माणूस उत्तम राहतो. पण दक्षिण इटलीत, विशेषतः सिसिली बेटावर, हा प्रश्न सोपा राहत नाही. तिथे ताटात येणाऱ्या निम्म्या पदार्थांची नावे आपल्या कानाला ओळखीची वाटतात, आणि ती का ओळखीची वाटतात हे शोधू लागलो की गोष्ट थेट नवव्या शतकात जाते.

१९०८ साली युरोपातून परतताना इकबालांची बोट या बेटाजवळून गेली. त्यांची ‘सिकलिया’ ही कविता उर्दू वाचकांना ठाऊक आहे. ती गेलेल्या वैभवावरचा विलाप आहे. माझा विषय त्याहून लहान आहे. वैभव गेले ते गेले, पण स्वयंपाकघरात काय उरले आणि ज्यांनी ते आणले त्या माणसांचे काय झाले, एवढेच पाहायचे आहे.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा. कैरवानचे काझी आणि नामवंत फकीह असद इब्न अल्-फुरात ८२७ साली अग्लबी फौज घेऊन सिसिलीच्या पश्चिम टोकाला, मझारा येथे उतरले. काझीच सेनापती, हे तेव्हाही वेगळेच होते. पुढच्याच वर्षी ते वारले. ८३१ मध्ये पालेर्मो पडले, पण सगळे बेट हाती यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. मग उत्तरेकडून नॉर्मन आले. १०७२ मध्ये पालेर्मो आणि १०९१ मध्ये शेवटचे नोतो त्यांनी घेतले. म्हणजे राज्य गेले, पण माणसे तिथेच राहिली. शेतात, बाजारात, कचेरीत आणि राजाच्या मुदपाकखान्यातही. या शेवटच्या शब्दाकडे पुढे यायचे आहे.

पालेर्मोत पहिल्या दिवशी आम्ही बल्लारो नावाच्या बाजारात जेवलो. जेवलो म्हणजे उभ्यानेच. तिथे ‘पानेल्ले’ मिळतात. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचे, त्यात कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली घालायची, थापून वड्या पाडायच्या आणि तळायच्या. आपली पाटवडी तळली तर जे होईल तेच. ह्या गरम वड्या तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून देतात. सोबत बटाट्याचे वडेही घालतात. मुंबईच्या माणसाला आणखी काय हवे? पावावरच्या तिळाला सिसिलीत ‘जुज्जुलेना’ म्हणतात. अरबीतला ‘जुलजुलान’ तो हाच. लिंबाला ‘लिमोने’, अरबी ‘लैमून’. बटाटा मात्र अमेरिकेतून आला, त्याच्याशी अरबांचा संबंध नाही.

बल्लारो या नावाविषयी पालेर्मोत एक कथा सांगतात. दख्खनच्या राजाला अरब लोक ‘बल्हरा’ म्हणत, त्याच्या मुलखातले मसाले इथे विकले जात, म्हणून बाजाराचे नाव बल्लारो. हा बल्हरा म्हणजे मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा. वल्लभराज या बिरुदाचे अरबी तोंडात झालेले रूप. मराठी माणसाला ही व्युत्पत्ती ऐकून बरे वाटते. पण पालेर्मोजवळच बल्हरा नावाचे गाव होते आणि बाजाराचे नाव त्या गावावरून पडले, हे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे. मी ते मानतो. तरीही एक गोष्ट गमतीची राहतेच. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याच्या एकाच ग्रंथात पालेर्मोचे वर्णनही आहे आणि बल्हराच्या राज्यातल्या सैमूरचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या चौलचेही. तिथे मुसलमानांची वस्ती आहे, जामा मशिदी आहेत आणि राजाने त्यांच्यावर मुसलमान अधिकारीच नेमला आहे, असे तो नोंदवतो. अरबी समुद्राच्या या काठावरचे चौल आणि भूमध्य समुद्रातले पालेर्मो एका माणसाच्या नकाशात बसत होते.

हा इब्न हौकल मोठा तिरकस माणूस. ९७३ च्या सुमारास तो पालेर्मोत होता. शहरात तीनशेहून जास्त मशिदी आहेत असे तो लिहितो आणि लगेच सांगतो की याचे कारण धर्मनिष्ठा कमी, मिजास जास्त. प्रत्येकाला आपली स्वतःची मशीद हवी. (वाचकांनी आपापले गाव आठवावे.) पालेर्मोच्या लोकांची बुद्धी मंद का, तर ते सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात, असेही त्याचे निदान आहे. आजही तिथे कांद्याशिवाय पान हलत नाही. वांगी, कांदा, टोमॅटो, साखर आणि सिरका घालून केलेली ‘कापोनाता’ आम्ही रोज खाल्ली आणि बुद्धीवर फारसा परिणाम झालेला जाणवला नाही.

आता शेवयांकडे येतो. इटलीची ओळख म्हणजे पास्ता, आणि पास्ता मार्को पोलोने चीनहून आणला असे अजूनही कोणी ना कोणी सांगतो. मार्को पोलोचा जन्म १२५४ चा. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, ११५४ मध्ये, नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या दरबारातल्या अल्-इद्रीसीने आपला भूगोलाचा ग्रंथ पुरा केला. पालेर्मोच्या पूर्वेला त्राबिया नावाचे गाव आहे. इद्रीसी लिहितो की इथे वाहते पाणी आणि गिरण्या आहेत, आणि इथे ‘इत्रिया’ इतकी बनते की ती कालाब्रियाला, मुसलमानी मुलखात आणि ख्रिस्ती मुलखातही जहाजे भरून जाते. इत्रिया म्हणजे वाळवलेल्या पिठाच्या शेवया. आपल्या ईदच्या शेवयांची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही.

यावरून ‘पास्ता अरबांनी शोधला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणू नये. इत्रिया हा शब्दच मुळात ग्रीकांकडून आलेला आहे आणि पिठाच्या पट्ट्या करून खाणे अनेक लोकांना ठाऊक होते. इद्रीसीच्या नोंदीचे महत्त्व वेगळ्या जागी आहे. कडक गव्हाचा रवा, तो वाळवण्याची रीत, महिनोन्‌महिने टिकणारा माल आणि तो बोटीत भरून विकण्याचा धंदा, हे सगळे युरोपच्या भूमीवर पहिल्यांदा लिहिलेले सापडते ते एका मुसलमान विद्वानाच्या लेखणीतून आणि एका ख्रिस्ती राजाच्या दरबारात. इटलीच्या टाचेला, लेच्चेच्या बाजूला, आजही हरभरे घातलेल्या शेवया मिळतात आणि त्यांचे नाव आहे ‘चीचेरी ए त्रिया’.

गोडाकडे वळताना पालेर्मोच्या मोठ्या चर्चवरून गेलो. त्याच्या दक्षिण दरवाज्याच्या मंडपात एक खांब आहे, त्यावर कुरआनातल्या सूरह अल्-आराफची आयत कोरलेली आहे. जुन्या इमारतीतला खांब उचलून नव्या इमारतीत लावला, अक्षरे तशीच राहिली. सिसिलीच्या मिठाईचेही बरेचसे असेच आहे.

सगळ्यात प्रसिद्ध ‘कसाता’. आपल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनमध्ये कसाटा नावाची थरांची आइस्क्रीमची चकती मिळते, तिचे नाव इथूनच भटकत आले. पालेर्मोची कसाता आइस्क्रीम नसते. मेंढीच्या दुधाच्या ताज्या ‘रिकोत्ता’त साखर घोटायची. रिकोत्ता म्हणजे आपल्या खव्या-पनीरच्या मधले काहीतरी. उतरत्या कडांच्या भांड्यात ती भरायची, भोवती हिरव्या रंगाच्या बदामाच्या लगद्याची भिंत, वर साखरेचा पांढरा थर आणि पाकवलेली फळे. अरबीत अशा पसरट भांड्याला ‘कसआ’ म्हणतात आणि नाव त्यावरून पडले असे बहुतेक मानतात. काहींच्या मते ते चीज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. भांडे अरबी असले तरी आतला केक नावाप्रमाणे स्पेनचा, आणि वरची फळांची सजावट एकोणिसाव्या शतकातली. एकाच मिठाईत तीन-चार राजवटी नांदतात. चवीला ती अतिशय गोड आहे, दोन घासांनंतर पाणी मागावे लागते. आमच्याकडच्या शाही तुकड्यांची सवय असूनही मला अर्धी टाकावी लागली.

बदामाच्या लगद्याची रंगीत फळे हा दुसरा प्रकार. अंजीर, डाळिंब, निवडुंगाची बोंडे, सगळी हुबेहूब. ह्यांना ‘मार्तोराना’ म्हणतात, कारण त्या नावाच्या मठातल्या जोगिणी ती करीत. मठाशेजारचे चर्च रॉजरचा आरमारप्रमुख जॉर्ज याने ११४३ च्या सुमारास बांधले. ‘अम्मिराल्यो’ हा त्याचा हुद्दा म्हणजे आपला ‘अमीर’च. त्या चर्चमधल्या लाकडी पट्टीवर ख्रिस्ती स्तोत्रे अरबी लिपीत आणि अरबी भाषेत लिहिलेली आहेत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ही फळे मुलांना देतात. घरातल्या गेलेल्या माणसांनी ती पाठवली असे मुलांना सांगतात.

‘कान्नोली’बद्दल मात्र सावध राहावे. कुरकुरीत नळी आणि आत गोड रिकोत्ता, दिसायला फार सुंदर. काल्तानिस्सेत्ता या गावी एका अमिराच्या जनानखान्यातल्या बायकांनी ही मिठाई शोधली अशी कथा दुकानदार हौसेने सांगतो. कथेला पुरावा काही नाही. गावाच्या नावात अरबी ‘कलअत’ म्हणजे किल्ला आणि ‘निसा’ म्हणजे स्त्रिया दिसल्या, की कोणीतरी त्या स्त्रियांना कामाला लावणारच. शिवाय पारंपरिक नळीच्या पिठात मार्साला ही दारू असते आणि ती डुकराच्या चरबीत तळतात. ‘स्त्रुत्तो’ आणि ‘मार्साला’ हे दोन शब्द लक्षात ठेवून विचारावे. तेलात तळणारे आणि दारू न घालणारेही भेटतात. मुसलमान अमिराच्या जनानखान्याची म्हणून सांगितली जाणारी मिठाई मुसलमानाने विचारल्याशिवाय खाऊ नये, ही इतिहासाची थट्टाच आहे.

तीळ आणि मधाची ‘कुब्बाइता’ मात्र निर्धास्त खाण्यासारखी. आपली तिळाची चिक्की. अरबी नाव ‘कुब्बैत’. संत्र्याच्या फुलांना ‘झागरा’ म्हणतात, अरबी ‘झहर’, फूल. पिस्त्याला ‘फ्रास्तुका’, अरबी ‘फुस्तुक’. बागेला पाणी देणाऱ्या हौदाला ‘जेब्या’, रहाटाला ‘सेन्या’. ही शेवटची दोन नावे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. फळ कोणीही आणू शकतो. पाणी साठवणे, उचलणे आणि वाटून देणे हे पिढ्यांचे काम आहे. कडू संत्रे, लिंबू, ऊस ही तहानलेली पिके सिसिलीच्या उन्हाळ्यात तगली ती या हौद-रहाटांवर. (गोड संत्रे पुष्कळ नंतर आले, म्हणून सिसिलीत त्याचे जुने नाव पोर्तुगालवरून पडलेले आहे.) यातल्या ‘नारंज’ आणि ‘सुक्कर’ या शब्दांचा प्रवास आपल्या नारिंग आणि शर्करेपासून सुरू होतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

साखरेचीच एक नोंद आहे, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. ती समजायला मधली हकीकत हवी.

११८४ च्या डिसेंबरात, रमझान महिन्यात, हजहून परतणारा अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर याचे जहाज मेस्सीनाजवळ फुटले. तो वाचला आणि काही महिने सिसिलीत राहिला. तेव्हा राजा होता विल्यम दुसरा. इब्न जुबैर चकित होऊन लिहितो की हा राजा अरबी लिहितो-वाचतो, मुसलमानांवर विश्वास टाकतो, इतका की त्याच्या मुदपाकखान्याचा दारोगाही मुसलमान आहे. विषबाधेच्या त्या काळात राजाचा स्वयंपाक कोणाच्या हाती आहे, याला मोठा अर्थ होता. नाताळच्या दिवशी पालेर्मोच्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारख्या बुरखे घेऊन, मेंदी-अत्तर लावून चर्चला जाताना त्याने पाहिल्या.

ईद त्याने त्रापानीत केली, जानेवारी ११८५ मध्ये. लोक ढोल-कर्णे वाजवत ईदगाहकडे गेले आणि ख्रिस्ती अधिकारी ते चालू देत होते, याचेही त्याला नवल वाटले. पण त्याच त्रापानीत त्याने आणखी एक पाहिले. एका प्रतिष्ठित मुसलमानाने आपली लेक हाजींपैकी कोणाला तरी निकाहात द्यायची तयारी दाखवली, अट एवढीच की तिला या बेटावरून मुसलमानी मुलखात घेऊन जावे. पुन्हा भेट होण्याची आशा नव्हती. तरी बाप द्यायला तयार होता आणि लेक जायला. ढोल-कर्णे आणि हा बाप, दोन्ही एकाच शहरात आणि एकाच महिन्यात.

बापाचा अंदाज खरा ठरला. ११८९ मध्ये विल्यम वारला आणि पालेर्मोत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. उरलेले डोंगराळ भागात गेले, बंडे झाली. मग सम्राट फ्रेडरिक दुसरा आला. त्याला इतिहासकार अरबी विद्येचा चाहता म्हणून गौरवतात आणि ते खोटे नाही. पण १२२० च्या दशकापासून त्यानेच सिसिलीचे मुसलमान उचलून समुद्रापार, इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा या गावी नेऊन वसवायला सुरुवात केली. तीसेक वर्षांत बेट जवळजवळ रिकामे झाले.

आता ती नोंद. १२३९ साली याच फ्रेडरिकने पूर्वेकडे, सूर बंदरातल्या आपल्या अधिकाऱ्याला पत्र पाठवले. साखर करण्यात तरबेज अशी दोन माणसे शोधून पालेर्मोला पाठव, त्यांनी इथल्या लोकांना शिकवावे, नाहीतर ही कला पालेर्मोतून नाहीशी होईल, असा त्याचा आशय. ऊस होता, जमीन होती, पाणी होते, बादशाही हुकूम होता. रस किती आटवायचा आणि कढई कधी उतरवायची हे ज्यांच्या हाताला माहीत होते ते लुचेराला धाडलेले होते. कोल्हापूर-सांगलीच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या गेला तर काय होते, हे आपल्या भागातला कोणीही सांगेल. पुढच्या शतकांत सिसिलीत साखर पुन्हा भरभराटीला आली, पण ती दुसऱ्या हातांनी.

म्हणून त्रापानीतल्या ‘कुस्कुसू’बद्दलही मी जपून बोलतो. रव्याचे दाणे बोटांनी वळून, मातीच्या पसरट भांड्यात फिरवून, वाफेवर शिजवतात आणि वर माशांचा रस्सा ओततात. आम्ही बंदराजवळच्या एका छोट्या खानावळीत तो खाल्ला. कोकणी माणसाला कालवणाशी भात लागतो, तसा तो लागला, आणि सगळ्या प्रवासातले हे सर्वांत चांगले जेवण. हा नवव्या शतकातला वारसा आहे असे जाहिरातीत म्हणतात. पण कुसकुसच्या लिहिलेल्या पाककृती तेराव्या शतकाच्या आधीच्या नाहीत, आणि त्या मगरिब-अंदलुसमधल्या आहेत. त्रापानीचे मासेमार आणि प्रवाळ काढणारे शतकानुशतके ट्युनिसच्या किनाऱ्यावर जात राहिले, त्यांनी तो पुन्हा पुन्हा आणला असणे अधिक शक्य आहे. ज्या मझाराला काझी असद उतरले, तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्युनिसची कुटुंबे मासेमारी बोटींवर कामाला येऊन राहिली आहेत. जुन्या कसब्यात त्यांची घरे आहेत आणि तिथे कुसकुस रोजचे जेवण आहे. तेव्हा हा धागा तुटला नव्हता असे म्हणण्यापेक्षा तो तुटून पुन्हा जोडला गेला, असे म्हणावे.

कातानियाचे ‘ग्रानीता’ घाईत सांगतो. एटना पर्वताचे बर्फ साठवून विकण्याचा तिथे मोठा धंदा होता, ते माल्टापर्यंत जाई. बदामाचे किंवा पिस्त्याचे दाणेदार बर्फाळ सरबत, सोबत गोड पाव, आणि हा उन्हाळ्यातला सकाळचा नाश्ता. ‘सोर्बेत्तो’ हा शब्द आपल्याच शरबतचा. गोठवण्याची कला मात्र मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकानंतरची. तिचे श्रेय अरबांना देण्याची गरज नाही.

नेपल्समध्ये तळलेले दोडकीसारखे ‘झुक्कीनी’ सिरक्यात मुरवून देतात, त्याला ‘स्कापेचे’ म्हणतात. बगदादच्या खलिफांच्या आवडत्या ‘सिक्बाज’ या आंबट पदार्थाचे ते नाव. ही रीत फ्रेडरिकच्या दरबारातही पोहोचली होती. त्याच्या आचाऱ्याला मासे त्या रीतीने करण्याचा हुकूम त्याच १२३९-४० च्या दफ्तरात आहे.

शेवटी लुचेराला गेलो. तिथे प्रवासी फारसे जात नाहीत. इथे मुसलमान पाऊणशे वर्षे राहिले. त्यांची मशीद होती, काझी होता, शेती आणि कारागिरी होती, सम्राटाच्या फौजेत त्यांचे तिरंदाज होते. १३०० च्या ऑगस्टमध्ये आंजूच्या चार्ल्स दुसऱ्याच्या हुकमाने वस्ती मोडली. हजारो माणसे गुलाम म्हणून विकली गेली, मालमत्ता जप्त झाली. गावात आज दिसते ते मोठे चर्च त्यानंतर लगेच उभे राहिले. टेकडीवरच्या किल्ल्याचा लांबलचक तट शाबूत आहे, आत गवत आहे.

सिसिलीत पावलोपावली अरबी शब्द भेटतात, म्हणून लुचेराच्या बाजारातही मी ते शोधत होतो. मला एकही मिळाला नाही. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, आणि त्या भागात मृतांच्या दिवसासाठी करतात ती गव्हाची गोड वाटी एका दुकानात मिळाली. उकडलेले गहू, अक्रोड, डाळिंबाचे दाणे, वर आटवलेला द्राक्षाचा रस. पाहताक्षणी तुर्कांची आशुरा आठवली आणि आपल्याकडची गव्हाची खीरही. नाते सांगण्याची फार इच्छा झाली. पण मृतांसाठी गहू शिजवण्याची ही चाल ग्रीक ख्रिस्ती लोकांची, तिच्यावर आपल्याला हक्क सांगता येत नाही. वाटी आम्ही दोघांनी मिळून संपवली. डाळिंब आपल्या सोलापूरपेक्षा बरेच आंबट होते.